शेजारच्या घरचा वाढदिवस

[वाढदिवस सर्वांनाच आवडतो. पण वाढदिवस वेगळ्या धर्माच्या शेजाऱ्याकडे असला, की मनात लहान लहान प्रश्न येतात. तिथे काय खावे? प्रार्थना सुरू झाली तर काय करावे? असे प्रश्न विचारावेत की नाहीत? या पाठात एका ख्रिस्ती मुलाच्या वाढदिवसाच्या निमित्ताने अशा प्रश्नांचा विचार केला आहे. असेच प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या घरात फार पूर्वी कसे उभे राहिले आणि कसे सुटले, हेही पाठात सांगितले आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, समजा, तुमच्या गल्लीत एक ख्रिस्ती कुटुंब राहते. गाव नांदेड असो की लातूर, गल्ली सारखीच. त्या घरातला मुलगा तुमच्याच वयाचा आहे. तो मराठी माध्यमाच्या शाळेत जातो, तुम्ही उर्दू माध्यमाच्या. संध्याकाळी मात्र दोघेही एकाच मैदानावर क्रिकेट खेळता. एका शुक्रवारी तुम्ही जुम्म्याची नमाज पढून घरी येता, तर तो दारात उभा असतो.

''उद्या माझा वाढदिवस आहे. संध्याकाळी सात वाजता घरी ये,'' तो म्हणतो.

तुम्ही लगेच ''हो'' म्हणता. तो निघून जातो आणि मग प्रश्न सुरू होतात. त्याच्या घरी मटण असेल तर ते हलाल असेल का? ते प्रार्थना करू लागले तर उठून बाहेर जावे, की बसून राहावे? आपल्या घरी वाढदिवस साजरा करत नाहीत, मग आपण गेलेले घरच्यांना चालेल का? हे प्रश्न लहान वाटतात. पण मनात श्रद्धा आहे म्हणूनच ते पडतात. त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही.

तिकडे तुमच्या मित्राच्या घरीही प्रश्न असतात. आई त्याला म्हणते, ''तुझ्या मित्राला काय चालते आणि काय चालत नाही, ते आधी विचारून घे. ताट वाढल्यावर पाहुण्याला संकोच वाटू नये.'' मुलगा घुटमळतो. असे विचारले तर मित्राला राग येईल, असे त्याला वाटते. आई त्याला समजावते, ''अरे, न विचारता वाढणे हाच पाहुण्याचा खरा अपमान. विचारण्यात कसला अपमान?'' मग तो विचारतो, तुम्ही मोकळेपणाने सांगता आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. त्या दिवशी आई मटणाचा बेत रद्द करून वांग्याची भाजी, पुरी आणि शेवयांची खीर करते. असाच एखादा वाढदिवस रमजानच्या महिन्यात आला, तर मेजवानीची वेळ इफ्तारनंतरची ठरवता येते. त्यासाठी दोघांपैकी कोणालाही आपला धर्म सोडावा लागत नाही. फक्त घड्याळ थोडे पुढे सरकवावे लागते.

शनिवारी संध्याकाळी मराठी ख्रिस्ती घरात वाढदिवस कसा होतो? नातेवाईक आणि शेजारी जमतात. पुष्कळ घरांत केक कापण्याआधी प्रार्थना होते. कधी पाळक येतात, कधी घरातले वडीलधारे प्रार्थना चालवतात. गेल्या वर्षी देवाने सांभाळले म्हणून त्याचे आभार मानतात. याला ते 'उपकारस्तुती' म्हणतात. मग बायबलमधला एखादा भाग वाचतात आणि गाणे म्हणतात. ते गाणे बहुधा इंग्रजी नसून मराठी असते. कित्येकदा त्याला पेटी आणि तबल्याची साथ असते. पाहुण्याने त्या वेळी शांत बसावे, एवढीच अपेक्षा असते. दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना शांत बसणे म्हणजे तिच्यात सामील होणे नव्हे. ती केवळ अदब आहे. तुमच्या घरी अजान ऐकू येताच तुमचा मित्रही बोलणे थांबवतो, ते याच अदबीने.

त्या प्रार्थनेत काही नावे तुमच्या कानावर पडतील. ती ऐकून तुम्हाला नवल वाटेल, कारण त्यांतली बरीच नावे तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात. त्यांचे मराठी रूप तेवढे वेगळे आहे. तुम्ही ज्यांना हजरत ईसा म्हणता, त्यांना मराठी बायबलमध्ये येशू म्हटले आहे. मरियमला मराठीत मरीया म्हणतात. इब्राहीम म्हणजे अब्राहाम, मूसा म्हणजे मोशे, दाऊद म्हणजे दावीद आणि सुलेमान म्हणजे शलमोन. जिब्रील या फरिश्त्याला मराठी बायबलमध्ये गब्रीएल देवदूत म्हणतात. कुराण शरीफमधील एकोणिसाव्या सूरेचे नावच 'मरियम' आहे. नावे सारखी असली तरी श्रद्धा सर्वस्वी एक नाहीत. मुसलमान हजरत ईसा यांना अल्लाहचे पैगंबर मानतात. ख्रिस्ती लोक येशूला देवाचा पुत्र आणि तारणारा मानतात. हा फरक मोठा आहे आणि तो लपवण्याची गरज नाही. फरक ठाऊक असूनही एकमेकांच्या दारात जाता येते, हे महत्त्वाचे.

वाढदिवस साजरा करावा की नाही, याबद्दल ख्रिस्ती लोकांतही पूर्वीपासून वेगवेगळी मते आहेत. बायबलमध्ये वाढदिवसाच्या मेजवानीचा उल्लेख येतो तो फारो आणि हेरोद या राजांच्या संदर्भात, आणि दोन्ही ठिकाणी त्या दिवशी कोणाचा तरी जीव जातो. म्हणून सुरुवातीच्या काळातल्या काही ख्रिस्ती धर्मपंडितांना वाढदिवसाचा थाटमाट पसंत नव्हता. येशूचा जन्म कोणत्या तारखेला झाला, हेही बायबलमध्ये सांगितलेले नाही. पंचवीस डिसेंबरला हा सण साजरा करण्याची प्रथा चौथ्या शतकात रोम शहरात सुरू झालेली दिसते. आपण मराठीत या सणाला नाताळ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ जन्माशी जोडलेला आहे. उर्दूतला 'मीलाद' हा शब्दही जन्माशीच जोडलेला आहे.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रविवार. ख्रिस्ती कुटुंबे सकाळी चर्चमध्ये उपासनेला जातात. पुष्कळ चर्चमध्ये त्या आठवड्यात ज्यांचे वाढदिवस झाले, त्यांची नावे घेऊन प्रार्थना करतात. मुलगा आपल्या खाऊच्या पैशांतून काही रक्कम दानपेटीत टाकतो. पण या रविवारी तुमच्या मित्रापुढे एक पेच आहे. लातूर शहर अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. 'लातूर पॅटर्न' हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्याच्या शिकवणीच्या वर्गाची चाचणी नेमकी रविवारी सकाळी ठेवली आहे. चाचणीला जावे तर उपासना चुकते. उपासनेला जावे तर चाचणीचे गुण जातात. वडील म्हणतात, ''देवाचा दिवस देवाला द्यावा.'' मामा म्हणतात, ''अभ्यास हीसुद्धा देवाची सेवाच आहे.'' दोघेही श्रद्धाळू आहेत, तरी त्यांचे उत्तर एक नाही. जुम्म्याच्या दिवशी परीक्षेची वेळ आणि नमाजाची वेळ एकच आली, तर तुमच्याही घरी असेच बोलणे होत असेल. श्रद्धेचे प्रश्न फक्त मोठ्या ग्रंथांत नसतात. ते वेळापत्रकात असतात, ताटात असतात आणि पाण्याच्या पेल्यातही असतात.

पाण्याच्या पेल्यावरून एका मराठी घरात कशी वादळे उठली, ती हकिगत आता ऐका.

नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांना कवितेची विलक्षण आवड होती. १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर गावातील मनकर्णिका गोखले हिच्याशी झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळे अतिशय कडक होते. बाजारातून आलेल्या वस्तूही ते धुऊन घेतल्याशिवाय घरात वापरू देत नसत. कोणी शिवले तर विटाळ, कोणाच्या हातचे पाणी प्याले तर पाप, असे संस्कार लक्ष्मीबाईंवर लहानपणीच झाले.

१८९३ साली टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात त्यांची एका युरोपियन माणसाशी ओळख झाली. दोघांचे धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्या माणसाने टिळकांना बायबलचा नवा करार भेट दिला. टिळकांनी तो वाचला. डोंगरावरील प्रवचनाचा भाग वाचून त्यांचे मन हलले. दोन वर्षे ते विचार करीत होते. शेवटी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

ही बातमी कळली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. त्यांचा मुलगा दत्तू, म्हणजे देवदत्त, तेव्हा चार वर्षांच्या आतबाहेर होता. त्या काळी धर्म बदललेल्या माणसाशी घरच्यांनी संबंध ठेवणे समाजाला मुळीच मान्य नव्हते. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहू लागल्या. काही काळ त्या पंढरपूरला होत्या. पती-पत्नीची ताटातूट चार-पाच वर्षे चालली. दोघांचेही एकमेकांवर प्रेम होते. पण मध्ये धर्माची भिंत उभी होती आणि त्या भिंतीच्या मध्येच एक लहान मुलगा होता.

पुढे टिळकांच्या आग्रहावरून लक्ष्मीबाई अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या. टिळक तिथे मिशनमध्ये काम करीत होते. येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टिळकांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. तिचे सोवळे तिला पाळू दिले. तिच्या खाण्यापिण्याची व्यवस्था तिच्या पद्धतीने होईल, असे पाहिले. ज्या धर्मासाठी टिळकांनी नातेवाईक आणि समाज सोडला, तो धर्म त्यांनी पत्नीच्या ताटात बळेच वाढला नाही.

लक्ष्मीबाई अशा घरात राहू लागल्या. आजूबाजूला ख्रिस्ती शेजारी होते. त्यांतले पुष्कळ जण पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींचे होते. ते प्रेमाने वागत, आजारपणात धावून येत. पण त्यांच्या हातचे पाणी लक्ष्मीबाई पीत नसत. माणूस चांगला आहे हे दिसत होते, तरी त्याचा पेला हातात घ्यायला मन धजत नव्हते. किती अवघड अवस्था ही!

एकदा लक्ष्मीबाईंच्या मनात विचार आला : जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या, तर वेगवेगळ्या जातींच्या माणसांच्या शरीरांत काही तरी फरक दिसला असता. गाय आणि घोडा पाहताच वेगळे ओळखू येतात. माणसांचे तसे नाही. सर्वांचा जन्म सारखा, मृत्यूही सारखा. मग हा भेद माणसांनीच केला असला पाहिजे. हा विचार त्यांना कोणी शिकवला नव्हता. तो त्यांना स्वतःच सुचला आणि त्यांनी तो शेवटपर्यंत नेला. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे असे त्यांनी ठरवले. लहानपणापासून मनावर बसलेले ओझे एका विचाराने उतरले. विशेष म्हणजे तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. धर्माचा निर्णय त्यांनी त्यानंतर घेतला. १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली.

पुढे टिळकांचे घर माणसांनी भरून गेले. दुष्काळात आईबाप गमावलेली मुले तिथे वाढली. 'बालकवी' या नावाने प्रसिद्ध झालेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे हे तरुण कवीही अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. बालकवी ख्रिस्ती नव्हते, आणि त्या घरात राहूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर मुलासारखी माया केली. जे घर एकेकाळी धर्मामुळे मोडले होते, त्याच घरात आता वेगळ्या धर्माचा तरुण निर्धास्तपणे जेवत होता आणि कविता लिहीत होता. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवींचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळकांचेही मुंबईत निधन झाले.

टिळक 'ख्रिस्तायन' नावाचे मोठे काव्य लिहीत होते. त्यांचे अकरा अध्याय लिहून झाले होते. लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत शिकल्या नव्हत्या, लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. तरी त्यांनी या काव्याचे चौसष्ट अध्याय लिहून ते पूर्ण केले. मुलगा देवदत्त याच्या सांगण्यावरून त्यांनी आपल्या आठवणीही लिहिल्या. त्या आठवणींचे पुस्तक म्हणजे 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आपली भाषा कधी नटवली नाही. त्या घरात बोलत तशाच लिहीत. दुःखाच्या प्रसंगातही त्यांचा विनोद सुटत नाही. मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत आजही या पुस्तकाची गणना होते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले.

या हकिगतीवरून सर्वांनी धर्म बदलावा, असे मुळीच ठरत नाही. बालकवींनी तो बदलला नाही आणि त्यांची त्या घरातली जागा कमी झाली नाही. त्यातून घेण्यासारख्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. टिळकांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी भीतीने किंवा लोभाने नव्हे, तर विचार करून निर्णय घेतला. आणि त्या विचाराला त्यांना कित्येक वर्षे लागली. रविवारच्या चाचणीचा प्रश्न पडलेल्या तुमच्या मित्रालाही आपल्या प्रश्नाला वेळ द्यावा लागेल. त्याचे उत्तर त्याच्या वतीने दुसरा कोणी देऊ शकणार नाही. मित्राने फक्त त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, हसू नये.

मराठी भाषा कोणत्या एका धर्माची नाही, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून गोव्यात आलेले धर्मगुरू. ते मराठी शिकले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. त्यात दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीतच लिहिला. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. त्या काळात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि मराठी घरांतील कितीतरी मुले शाळेत उर्दूतून शिकत. आज तुम्ही उर्दू घरातून येऊन मराठी शिकत आहात. म्हणजे ही देवाणघेवाण जुनीच आहे. त्याच निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री या मराठी ख्रिस्ती धर्मगुरूंनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. तिच्यासाठी जमीन मिळाली ती निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून. राजा मुसलमान, वस्ती ख्रिस्ती, मुलूख मराठी, अशी ही गोष्ट आहे.

मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवणारे आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण १९९० साली पुणे येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तीस वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, हे संमेलन लातूरच्या शेजारी उस्मानाबाद येथे भरले. उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात. त्या संमेलनाचे अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. एखाद्या ख्रिस्ती धर्मगुरूने संमेलनाचे अध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्या निवडीला काही लोकांनी विरोध केला. तरी संमेलन ठरल्याप्रमाणे पार पडले. 'सुबोध बायबल' लिहिणारे हे लेखक त्या दिवशी मराठवाड्याच्या मातीत मराठीत बोलले आणि दूरदूरच्या गावांहून आलेल्या हजारो श्रोत्यांनी ते ऐकले.

■ शब्दार्थ

श्रद्धा – अकीदा, दृढ विश्वास
उपासना – इबादत
प्रार्थना – दुआ
उपकारस्तुती – देवाचे आभार मानणे, शुक्र अदा करणे
पाळक – ख्रिस्ती मंडळींचा धर्मोपदेशक, पाद्री
तारणारा – नजात देणारा, वाचवणारा
देवदूत – फरिश्ता
दीक्षा घेणे – एखाद्या धर्मात विधिपूर्वक प्रवेश करणे
सोवळे – धार्मिक शुद्धतेचे कडक नियम
विटाळ – शिवल्यामुळे अशुद्ध झाल्याची समजूत
संकोच – भीड, लाज
पेच – अडचण, उलझन
सक्ती – जबरदस्ती
ताटातूट – जुदाई
निर्धास्तपणे – बेफिकीर होऊन, न भिता
आत्मचरित्र – स्वतःच्या जीवनाची स्वतः लिहिलेली कथा
ओवी – मराठी कवितेचा एक जुना छंद

■ वाक्प्रचार

घुटमळणे – करावे की न करावे अशा मनःस्थितीत थांबणे
आकाश कोसळणे – फार मोठे संकट येणे
मन न धजणे – धीर न होणे
धावून येणे – मदतीला तत्परतेने येणे

■ स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) वाढदिवसाच्या प्रार्थनेला मराठी ख्रिस्ती लोक काय म्हणतात?
(२) आईने मटणाचा बेत का रद्द केला?
(३) टिळकांना नवा करार कोठे भेट मिळाला?
(४) लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव काय होते?
(५) 'ख्रिस्तपुराण' कोणत्या साली प्रसिद्ध झाले?
(६) उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते?

प्र. २. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) ''न विचारता वाढणे हाच पाहुण्याचा खरा अपमान,'' असे आई का म्हणते?
(२) रविवारी मुलापुढे कोणता पेच उभा राहिला? वडील आणि मामा यांची मते काय होती?
(३) जातींविषयी लक्ष्मीबाईंच्या मनात कोणता विचार आला? त्याचा परिणाम काय झाला?
(४) टिळकांनी पत्नीच्या श्रद्धेचा मान कसा राखला?
(५) बालकवींच्या उदाहरणावरून टिळकांच्या घराविषयी काय समजते?

प्र. ३. 'अ' गटातील उर्दू नावांच्या 'ब' गटातील मराठी रूपांशी जोड्या लावा.
'अ' : (१) मूसा (२) दाऊद (३) मरियम (४) सुलेमान (५) जिब्रील
'ब' : (अ) शलमोन (आ) गब्रीएल (इ) मोशे (ई) मरीया (उ) दावीद

प्र. ४. कंसातील योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
(सक्ती, आत्मचरित्र, दिवाण, अदब)
(१) दुसऱ्याची प्रार्थना चालू असताना शांत बसणे ही ______ आहे.
(२) टिळकांनी पत्नीवर धर्माची ______ केली नाही.
(३) 'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाईंचे ______ आहे.
(४) सर सालारजंग हे निजामाचे ______ होते.

प्र. ५. भाषाभ्यास.
(अ) 'तारीख', 'साल', 'हकिगत', 'मुलूख', 'मेजवानी' हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले आहेत. यांतील प्रत्येक शब्द वापरून एकेक मराठी वाक्य तयार करा.
(आ) लिंग ओळखा : उपासना, पेला, भिंत, ताट, विचार, पुस्तक.
(इ) वचन बदला : घर, प्रश्न, भिंत, कविता, पेला.
(ई) पुढील वाक्य भविष्यकाळात लिहा : ''मुलगा दानपेटीत पैसे टाकतो.''

प्र. ६. तुमचे मत लिहा.
चाचणी आणि उपासना एकाच वेळी आली, तर तुमच्या मित्राने काय करावे असे तुम्हाला वाटते? दोन्ही बाजूंचा विचार करून आठ-दहा वाक्ये लिहा.

■ उपक्रम

(१) वेगळ्या धर्माच्या एखाद्या शेजाऱ्याला त्याच्या सणाविषयी किंवा घरातील प्रार्थनेविषयी पाच प्रश्न विचारा. प्रश्न आधी मराठीत लिहून शिक्षकांना दाखवा. उत्तरे वहीत लिहून घ्या.
(२) तुमच्या घरी जेवायला येणाऱ्या मित्रासाठी मराठीत एक छोटे निमंत्रणपत्र लिहा. त्याला काय चालते आणि काय चालत नाही, हे त्यात आदराने विचारा.